यादीत न लिहिलेली घंटा

माझ्या थोरल्या भावाविषयी एका सरकारी निकालात एक वाक्य आहे. त्याने बुडालेल्या जहाजातून काढलेला माल हेतुपुरस्सर लपवला, असं ते वाक्य म्हणतं. ते खोटं आहे. खोटं आहे हे मला निकाल वाचून दाखवला त्या दिवशीही माहीत होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही, कारण लपवणारा मी होतो. दादा जाऊन आता चौदा वर्षं होतील. मी अजून नोकरीत आहे, भिंगारला राहतो, रोज सायकलवरून नगरच्या कोर्टात जातो, आणि लोक मला सरळ माणूस म्हणतात.

आमचं गाव जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या बाजारापासून दीड कोसावर. गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती. वस्तीतल्या बहुतेक पुरुषांचा धंदा विहिरी खणण्याचा. पहार, घण, सुरुंग आणि दोर. तिकडे पाणी खोल आणि खडक काळा, त्यामुळे कामाला तोटा नव्हता, पोटाला मात्र होता. एका दुष्काळात विहिरी खणायलाही कुणी बोलवीना, तेव्हा दादा मुंबईला गेला आणि गोदीत लागला. आधी पाणबुड्यांचा हवेचा पंप फिरवायला. विहिरीत उतरणारा माणूस म्हटल्यावर पुढे त्यालाच तांब्याचा टोप घालून, शिशाचे जोडे चढवून खाली सोडू लागले. बारा वर्षं त्याने जहाजांचे तळ तपासले. मिशनच्या शाळेत मी मॅट्रिक झालो तो त्याच्याच मनीऑर्डरींवर. मग नगरला एका वकिलाकडे मी कारकून म्हणून लागलो.

महायुद्ध सुरू होऊन वर्षभर झालं असेल. दादा गोदीतून मोकळा झाला आणि येताना पाणबुड्याचा एक जुना पोशाख, पंप आणि एक बातमी घेऊन आला. कोकणात एका खाडीच्या तोंडासमोर कोळ्यांची जाळी एकाच ठिकाणी फाटत होती. दादा स्वतः जाऊन तिथे बुडी मारून आला होता. वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट, पाण्यात एक मालवाहू बोट कुशीवर पडली होती, युद्धाच्या आधी एका पावसाळ्यात बुडालेली. पोटात तांब्याच्या लाद्या. मालकाने विम्याची भरपाई घेऊन तिचं नाव सोडलं होतं. विमा कंपनीलाही ती नेमकी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

"कुनाला म्हंजी कुनालाच ठाव न्हाई," दादा म्हणाला. "आता तू मला सांग धाकल्या, कायदा काय म्हनतो? मला चोरी करायची न्हाई. कायद्यानं काढायचं हाय."

चोरी करायची नाही, हे तो अगदी सुरुवातीलाच बोलला होता. नीट आठवतं.

मी वकीलसाहेबांची पुस्तकं चाळली. कायदा तसा साधा होता. बंदरावर बुडीत मालाचा एक सरकारी अधिकारी असतो. सापडलेली प्रत्येक वस्तू त्याच्याकडे जमा करायची, यादी द्यायची, यादीवर शपथ घ्यायची. मग मालकाचा पत्ता लागो न लागो, काढणाऱ्याला त्याच्या श्रमाचा वाटा मिळतो. आणि ज्याने आधी शोधलं, आधी हात घातला आणि काम सोडलं नाही, त्याच्या डोक्यावर दुसऱ्याला आणून बसवता येत नाही. फक्त एक अट. काही लपवलं तर सगळा हक्क जातो.

मी हे दादाला मराठीत समजावून सांगितलं. तो हसला. "मंजी तुझ्या वयनीच्या डब्यासारखं. एक लाडू चोरला की समदा डबा बंद."

परवाना मिळवायलाच एक वर्ष गेलं. लढाईमुळे किनाऱ्यावर साधा मचवा सोडायचा तरी तीन कचेऱ्यांचे शिक्के लागत. कस्टमवाले आरमाराकडे बोट दाखवत, आरमार कलेक्टरकडे. दादा नगरला माझ्याकडे येऊन पथारीवर बसायचा आणि मी अर्ज लिहायचो. "जमिनीखालचं पानी काढायला कुनी इचारत न्हाई. पान्याखालचं लोखंड काढायला चार सायबं," असं म्हणून तो पुढच्या कचेरीत जायचा. थकायचा नाही. मी थकायचो, तेही नुसतं लिहून.

अखेर एका नाताळानंतर काम सुरू झालं. पंप फिरवायला आणि दोर धरायला दादाने वस्तीतलीच माणसं नेली. त्यांचा म्होरक्या वहिनीचा थोरला भाऊ, आमच्याकडचा नावाजलेला सुरुंगवाला. त्यातल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता. पहिले आठ दिवस सगळे ओकत होते म्हणे. पण दोराला त्यांच्यासारखी माणसं नाहीत, हा दादाचा हट्ट. विहिरीवर वरचा माणूस खालच्याचा जीव हातात धरून असतो. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे ओढ. तेच इशारे त्यांनी समुद्रात चालवले. एकच गोष्ट दादाला नव्याने शिकवावी लागली. विहिरीतून माणूस सरळ वर ओढतात, इथे तसं चालत नाही. एवढ्या खोलातून येताना वाटेत थांबायचं, भाकरी खाऊन होईल इतका वेळ, आणि पुन्हा थांबायचं. नाहीतर रक्तात हवा फुटते आणि माणूस लुळा पडतो. ते मान डोलवायचे.

आता घंटेचं सांगतो.

आमच्या वस्तीत प्रथमफळ देवाला देतात. ज्वारीची पहिली पेंढी, म्हशीचं पहिलं दूध, कोंबडीचं पहिलं अंडंसुद्धा. विहीर खणणाऱ्यांची त्यात एक आपली रीत आहे. नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिली घागर देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर आणून ओततात, मग बाकीचे पितात. दादा समुद्रावर निघाला तेव्हा वहिनीने तसाच नवस केला. पाण्यातून पहिल्यांदा जे हाताला लागेल ते देवाचं. आणि हाताला लागली जहाजाची घंटा. पितळी, कलिंगडाएवढी, वर जहाजाचं नाव कोरलेलं. आमच्या देवळात तोवर कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा बडवत असत. दुसरं काही वर आलं असतं तर कदाचित चर्चा झाली असती. घंटाच आल्यावर कुणाला काही बोलायलाच जागा उरली नाही. दादाच्या मेव्हण्याने ती आगबोटीने मुंबईला, रेल्वेने नगरला आणि तिथून बैलगाडीने गावाला नेली. ती टांगली त्या रविवारी मी हजर होतो. पहिला टोला पडला तशी वहिनी रडली. दोन मैलांवरच्या मळ्यातले लोक काय झालं म्हणून बघायला आले.

हंगाम संपत आला तेव्हा दादा यादी करायला माझ्याकडे आला. खोलीत दोघेच होतो. त्याने खिशातून काड्यापेटीच्या कागदांवर मांडलेल्या खुणा काढल्या आणि मी इंग्रजीत उतरवू लागलो. लाद्या इतक्या. खिडक्यांच्या पितळी चौकटी इतक्या. नळ, झडपा.

"आन् घंटा बी लिव," तो म्हणाला. "देवाला दिली म्हून लिव. पायजे तर सायबानं माझ्या वाट्यातनं वजा करावी."

मी म्हणालो, "लिहितो."

लिहिली नाही.

का लिहिली नाही, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला अनेक प्रकारे सांगितलं आहे. वस्तीची घंटा जाईल म्हणून. वहिनीला वाईट वाटेल म्हणून. ही कारणं मागाहून जुळवलेली आहेत. त्या क्षणी माझ्या मनात होती ती हुशारी. मी वकिलाचा कारकून. मला वाटलं, देवाला दिली असं लिहिणं म्हणजे माल परस्पर वाटला अशी कबुलीच. न लिहिलेली घंटा कोण शोधणार? खर्ड्याच्या पलीकडे, जिथे प्यायला पाणी नाही तिथे जहाजाची घंटा आहे, हे कोकणातल्या साहेबाच्या स्वप्नात तरी येईल का? दादा भोळा आहे, त्याला कायदा कळत नाही, आपण त्याला वाचवतो आहोत, असं वाटून मी मनात थोडा सुखावलोसुद्धा. दादाला इंग्रजी येत नव्हतं. त्याने बालबोध अक्षरात खाली सही केली. "समदं लिवलंस न्हवं?" एवढंच विचारलं. मी कागदावर टीपकागद दाबत मान हलवली.

तांब्याला लढाईत भाव आला होता. दादाने लाद्या जमा केल्याची बातमी मुंबईला पोचली आणि सहा महिन्यांत विमा कंपनीचा वकील उभा राहिला. माल आमचा, काम आम्ही आमच्या कंत्राटदाराकडून करून घेऊ, त्याच्याकडे वाफेची बोट आहे, या खेडुताकडे काय आहे. दादाचं म्हणणं एकच, मी शोधलं, मी काढलं, मी नेऊन दिलं. बंदराच्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागली. आमची बाजू पक्की होती. वकीलसाहेब स्वतः म्हणाले होते, "तुझ्या भावाला हलवणं अवघड आहे, त्याने सगळं सरळ केलंय."

सुनावणीच्या दोन आठवडे आधी मिशनचं मासिक माझ्या हाती पडलं. आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी कौतुकाने बातमी पाठवली होती. आमच्या मंडळीतील एका बंधूने समुद्राच्या तळातून काढलेली पहिली वस्तू, एक सुंदर घंटा, प्रभूच्या मंदिरास अर्पण केली, तिजवर जहाजाचे नावही आहे. मासिक हातात घेऊन मी कचेरीच्या मागच्या नळापाशी कितीतरी वेळ उभा राहिलो. तेव्हाही वेळ होता. एक पुरवणी अर्ज, चार ओळी. कारकुनाकडून वस्तू राहिली, म्हणून जोडतो. मी ते मासिक ट्रंकेत तळाशी ठेवलं. मराठी मासिक मुंबईच्या कंपनीचा वकील कशाला वाचेल?

त्याने वाचलं नसेल. त्याच्या कारकुनाने वाचलं असेल. कारकून कुठे कुठे काय वाचतात, हे मला तरी कळायला हवं होतं.

कस्टमच्या कचेरीत, समुद्राकडच्या खोलीत, त्या वकिलाने मासिक उघडून अधिकाऱ्यापुढे ठेवलं आणि खाली बसला. अधिकारी आपल्याकडचेच होते, शांत माणूस. त्यांनी बातमी वाचली, यादी वाचली, आणि मराठीत दादाला विचारलं, "घंटा लपवलीत?"

"लपवली न्हाई साहेब. देवाला दिली. रोज सकाळ-संध्याकाळ वाजती. लपवलेली वस्तू कुनी वाजवतं का?"

खोलीत हसू फुटलं. साहेबही किंचित हसले. त्या हसण्यात एक क्षण सगळं सावरण्यासारखं होतं.

"मग यादीत का नाही?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं माणूस वाट विचारतं तसं.

"यादी कोणी लिहिली?" साहेबांनी विचारलं.

मी उभा राहिलो. "मी, साहेब."

"त्यांनी घंटा सांगितली होती?"

आजही मला ती खोली दिसते. खिडकीत मिठाने पांढरे पडलेले गज, टेबलावर ओल्या दौतीचा डाग. खोट्या शपथेला शिक्षा असते. कारकुनाची नोकरी जाणार. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. हे सगळं मी तेवढ्यात पाहिलं.

"सांगितलं तेवढं लिहिलं, साहेब."

दादा खाली बघत होता. साहेबांनी त्याला पुन्हा विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "सांगायचं ऱ्हायलं आसंल माझं."

निकाल पुढच्या महिन्यात आला. हेतुपुरस्सर लपवलं. वाटा रद्द, दंड, काम कंपनीच्या कंत्राटदाराकडे. गावात शिपाई आले आणि जप्तीचा पंचनामा करून घंटा घेऊन गेले. वस्तीने पुन्हा रुळाचा तुकडा टांगला.

परतीच्या गाडीत दादा एकदाच बोलला. दौंडला गाडी बदलायला उतरलो होतो. "तुझी बायकू पोटुशी हाय का?" मी नाही म्हणालो. "मला वाटलं आसंल," तो म्हणाला, आणि चहा आणायला गेला. बायकोमुलांसाठी मी घाबरलो असेन, असं कारण त्याने माझ्यासाठी शोधून ठेवलं होतं. मी त्याच्या पाया पडायला हवं होतं. मी चहा प्यालो.

मग त्याने अपील केलं. अर्ज मीच लिहिले. तो बोलायचा आणि मी लिहायचो. मी शोधलं, मी काढलं, मी नेऊन दिलं. घंटा लिहायला मला सांगितली होती, हे एक वाक्य त्या अर्जांत कुठेच नव्हतं, आणि त्या वाक्यावाचून बाकीच्याला काही अर्थ नव्हता. ते वाक्य दादाने कधी सांगितलं नाही. मी लिहिलं नाही.

अपील पडून होतं आणि हंगाम उघडला. दादाच्या डोक्यात शेतीच्या कोर्टकचेऱ्या पक्क्या बसलेल्या. आमच्याकडे जमिनीचा दावा चालू असताना माणूस त्या जमिनीत औत घालतच राहतो. वहिवाट सुटली की दावा गेला. "मी तिथं दिसलो न्हाई तर सायब म्हनंल, हेनं सोडलं," असं म्हणून तो माणसं घेऊन निघाला. मी सांगितलं, समुद्राला वहिवाट लागत नाही. तो म्हणाला, "कायदा मला नगं सांगू आता." एवढंच कडू तो मला आयुष्यात बोलला.

पुढचं मला वहिनीच्या भावाने सांगितलं. त्यांचा मचवा बुडालेल्या जहाजाच्या वर नांगरून होता आणि दादा खाली होता. काढत काही नव्हता, नुसता उतरून येत होता, औत फिरवून यावं तसा. कंत्राटदाराची वाफेची बोट आली. त्यांनी शिटी वाजवली, माणसं ओरडू लागली. त्यांच्या बोटीवरून एक पेटी दोराने खाली जाताना यांना दिसली आणि ओरडण्यात 'बारूद' एवढं एकच कळलं. वहिनीचा भाऊ सुरुंगवाला. वात पेटली की खालच्या माणसाला एका दमात वर काढायचा, हे त्याच्या हातांत तीस वर्षं मुरलेलं. थांबत थांबत काढायचं, हे त्याला फक्त सांगितलेलं होतं.

"आमी येड्यावानी वढलं रं," तो मला सांगत होता. "चार जनांनी. तो खालनं हिसकं देत हुता, थांबा म्हून. एक हिसका, एक हिसका. मला कळत हुतं. हात थांबना झाले."

त्या दिवशी सुरुंग उडालाच नाही. मचवा हटवायला सांगत होते, एवढंच होतं. दादाला वर घेऊन टोप काढला तेव्हा तो बोलला, हसलासुद्धा. अर्ध्या तासाने पाय गेले.

मिशनच्या दवाखान्यात तो दोन महिने होता. मग गावी, खाटेवर. पाच वर्षं. पाठीला जखमा होत, वहिनी रोज धूत असे. ती देवळात जायची बंद झाली. पाळकसाहेब समजवायला आले तर दाराआड उभी राहून म्हणाली, "माझ्याच नवसानं माझ्या घराचं वाटुळं केलं. आता त्या देवाला सांगा, म्हनावं, माझ्याकडं काय मागायला येऊ नगंस." तिचा असा हिशोब होता. नवस केला म्हणून घंटा गावात आली, घंटेपायी केस गेली, केसपायी पाय गेले. मी दर महिन्याला जायचो, ओट्यावर बसून हे ऐकायचो. तिला दुसरं कारण सांगता येणारा जगात एकच माणूस होता. तो चहा घेऊन उठायचा.

दादा मात्र अर्ज सांगतच राहिला. लढाई संपली. राज्य बदललं. "आता आपलं सरकार हाय, आता लिव," तो म्हणाला, आणि मी लिहिलं. एव्हाना मी जिल्हा कोर्टात कायम नोकरीला लागलो होतो. कोर्टातल्या कारकुनाने कधीकाळी साहेबापुढे खोटं सांगितलं होतं, हे बाहेर येणं म्हणजे काय, ते मला आधीपेक्षा जास्त कळत होतं.

त्या अर्जाला उत्तर आलं. पहिल्यांदाच कुणीतरी अर्ज नीट वाचला होता. पत्र इंग्रजीत होतं. सहानुभूती वाटते, पण निकाल लपवणुकीच्या मुद्द्यावर आहे. वस्तू यादीतून वगळण्यात अर्जदाराचा हेतू नव्हता, असं दाखवणारा पुरावा किंवा कोणाचं प्रतिज्ञापत्र असल्यास प्रकरणाचा पुन्हा विचार करता येईल.

मी गावी गेलो. दादाने खाटेवर मान वळवली. अंगाची नुसती काडी झाली होती. "वाच," म्हणाला. "इंग्रजी आधी वाच, मंग मराठी." मी इंग्रजी सगळं वाचलं. मग मराठी सांगितलं. सहानुभूती वाटते, पण निकाल लपवणुकीच्या मुद्द्यावर आहे. आणि पत्राची घडी केली.

"यवढंच? इंग्रजी लई मोठं हुतं."

"इंग्रजीत लांबलचक लिहितात," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपला. मग तसाच म्हणाला, "मला तांबं नगं रं आता. ते लबाड म्हनलेत तेवढं काढायचं हुतं."

तो पुढच्या पावसाळ्याआधी गेला. यादीच्या वेळी मी घाबरट होतो, सुनावणीत घाबरट होतो. त्या दिवशी खाटेशी मी घाबरट नव्हतो. समोर मरणारा माणूस होता, हातात त्याची सुटका होती, आणि मी शांत डोक्याने तिची घडी घातली. याला नाव मला सापडलेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात वहिनी डोळे दाखवायला नगरला आली आणि आमच्याकडे राहिली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुपारी ओसरीत मी आणि ती दोघेच होतो, ती हाताने चाचपून तांदूळ निवडत होती. दवाखान्यातल्या बाईने प्रार्थना करायला सांगितली, असं सांगून ती हसली, "म्हनलं बाई, आमचं बोलनं बंद हाय." मग मी सांगितलं. सगळं. यादी, मासिक, सुनावणी, पत्र.

तिचा हात ताटात थांबला होता. मग ती म्हणाली, "म्हंजी आमच्या ह्यांनी लिव म्हनलं हुतं."

"हो."

"आन् त्या कागुदात उपाव हुता."

"हो, वहिनी."

"एवढी वर्सं मी देवाशी भांडले, भावजी. तुमच्याशी भांडायचं हुतं."

मला वाटलं ती उठून जाईल, शिव्या देईल. मला ते हवं होतं. तिने ताट बाजूला केलं आणि विचारलं, "अजून अर्ज करता येतो का?"

मी म्हणालो, जहाज केव्हाच फोडून नेलं, हक्क कुणाला मागणार?

"जहाज गेलं चुलीत. ते लबाड लिवलंय ते खोडता येतं का, इचारते मी."

माहीत नाही, म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. असा अर्ज मी कुणी केलेला पाहिलेला नाही. कचेरी बदलली, मूळ कागद असतील की नाही कोण जाणे. "मंग लिवा," ती म्हणाली. "आत्ता लिवा. मी बसते हितं."

मी प्रतिज्ञापत्र लिहिलं आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं. यादी मी तयार केली. अर्जदाराने घंटा नोंदवण्यास स्पष्ट सांगितले होते. ती नोंद माझ्याकडून नजरचुकीने राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "नजरचुकीनं?"

मी टाक कागदावरून उचलला.

"दिसत मला न्हाई, भावजी. तुमाला तवा चांगलं दिसत हुतं."

मी तो शब्द खोडला. कागद दुसरा घेतला आणि पहिल्यापासून लिहिलं की ती नोंद मी जाणूनबुजून केली नाही, सुनावणीत खोटे सांगितले, आणि पुढे आलेल्या पत्रातला उपायाचा मजकूर भावाला वाचून दाखवला नाही. तिने ते दोनदा वाचून घेतलं. मग तांदळाचं ताट पुन्हा पुढे ओढलं.

सरकारी नोकराचा असा कागद वरिष्ठांच्या हातून जावा लागतो. निवृत्तीला मला बरीच वर्षं आहेत. वहिनी अजून आमच्याकडेच आहे, गावी जायचं नाव काढत नाही. सोमवारी कोर्ट उघडेल तेव्हा तो कागद मला साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आहे, आणि ते वाचेपर्यंत तिथे उभं राहायचं आहे.